नळाला बांधलेली हिरवी वायर

जपानमधल्या आमच्या ग्योतोकुच्या घरात ओल्या हाताने फ्रिजचं दार उघडलं की बोटांना झिणझिण्या यायच्या. जोराचा शॉक नव्हे, लाल मुंगी चावून गेल्यासारखं. नवऱ्याचं म्हणणं होतं की इथे हिवाळ्यात सगळ्यांनाच असं होतं, लोकरीच्या कपड्यांमुळे. मी त्याला सांगितलं की मला हे जून महिन्यात, सुती गाऊन घालून भांडी घासता घासता झालंय. तो सॉफ्टवेअरवाला. बिघडलेली कोणतीही वस्तू एकदा बंद करून पुन्हा चालू केली की बरी होते, यावर त्याचा विश्वास. त्याने फ्रिज बंद केला, पुन्हा चालू केला आणि ऑफिसला निघून गेला.

मला मात्र ती गोष्ट बोटातल्या काट्यासारखी सलत राहिली. एक तर आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होत आली होती आणि फ्रिजचं दार उघडायला नुकतीच शिकली होती. हात धुऊन, न पुसता, थेट फ्रिजकडे जायची. दुसरं म्हणजे वीज हा माझा धंदा होता.

भोसरीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. सर्टिफिकेट हातात आल्यावर एका कंत्राटदाराकडे पॅनल बोर्ड भरायला लागले, आणि चार वर्षांनी त्याच्याच शेजारच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. हाताखाली दोन माणसं होती, दोघंही वयाने मोठी, दोघंही मला मॅडम म्हणत आणि माझ्या तोंडाला घाबरत. मी आवाज चढवायचे हे खरं आहे. आवाज न चढवणाऱ्या बाईला तिथे कुणी काम देत नव्हतं, दिलं तर भाव पाडून देत होतं. माझ्याकडून भाव पाडून घेतलेला माणूस अजून मला भेटायचा आहे.

लग्नानंतर नवऱ्याला जपानचं काम मिळालं आणि आम्ही आलो तेव्हा मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. स्टेशनवरचे अर्धे दिवे तेव्हाही बंद ठेवत, वीज वाचवायला. घराघरांतली कपाटं पट्ट्यांनी भिंतीला बांधलेली असत. आमचा फ्रिजही एजंटने सांगितल्याप्रमाणे आम्ही भिंतीच्या हुकाला बांधून टाकला होता. गाय बांधावी तसा.

तो एजंट म्हणजे घरमालकाच्या वतीने भाड्याची घरं बघणारा माणूस. घरमालकाला मी कधीच पाहिलं नाही. एजंट चाळिशीचा, केस नीट विंचरलेले, आवाज रेशमासारखा. करारावर सह्या करताना नवऱ्याने कौतुकाने सांगितलं की माझी बायको इलेक्ट्रिशियन आहे. एजंट हसला, वही मिटली, आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाला की जपानमध्ये परवाना नसलेल्या माणसाला साधा सॉकेटही बदलता येत नाही, तेव्हा ओकुसाननी बोर्डाला हात लावू नये. ओकुसान म्हणजे वहिनी, बाईसाहेब, जे काय समजायचं ते. मी समोर बसले होते. मी आख्ख्या कारखान्यांचे बोर्ड भरलेत, आणि हा मला, तेही नवऱ्यामार्फत, सॉकेटला हात लावू नको म्हणून सांगतो. त्या दिवसापासून माझ्या मनात त्याचं खातं उघडलं गेलं.

घर जुनं होतं, पहिल्या मजल्यावर, एकूण सहा बिऱ्हाडांची इमारत. इथे प्लगला दोनच पिना असतात. अर्थिंगची हिरवी वायर वेगळी लोंबत असते आणि ती सॉकेटखालच्या स्क्रूला लावायची असते. आमच्या घरात तो स्क्रू कुठेच नव्हता. वॉशिंग मशीन आणि फ्रिज, दोन्ही जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेले, दोन्हींच्या हिरव्या वायरी जमिनीवर नुसत्या पडलेल्या. हे बघून मला झोप आली नसती. मशीनच्या मागे पाण्याचा नळ होता. मी मशीनची हिरवी वायर नळाला बांधली, फ्रिजच्या वायरला तुकडा जोडून तीही भिंतीच्या कडेने आणून त्याच नळाला बांधली. लोखंडी पाइप जमिनीत जातो, जमीन म्हणजे अर्थिंग. आमच्याकडे जुन्या चाळींत निम्म्या लोकांनी हेच केलेलं असतं. नळाच्या मानेवर आधीच्या कुणा भाडेकरूची गंजलेली पट्टीही होती. म्हणजे मी काही नवीन केलं नव्हतं. बोर्डाला हातही लावला नव्हता.

आणि तरीही फ्रिज चावत होता. मी भारतातून आणलेला टेस्टर फ्रिजच्या पत्र्याला लावला, तर आतला दिवा मिणमिणला. म्हणजे पत्र्यात करंट आहे. अर्थिंग तर मी केलेलं, म्हणजे दोष घराच्या वायरिंगचा. माझ्या मनात निकाल लागला आणि मी एजंटकडे गेले.

पहिल्या वेळी तो म्हणाला की भारतीय उपकरणांमुळे असं होत असेल. आमच्या घरात भारतातून आणलेली स्वयंपाकाची एकच वस्तू होती, ती म्हणजे कुकर, आणि तो गॅसवर चालतो. हे मी त्याला सांगितलं. माझं जपानी तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं, पण भांडायला फार शब्द लागत नाहीत. दुसऱ्या वेळी त्याने करार काढला आणि घर आहे त्या स्थितीत घेतलंय, या ओळीवर बोट ठेवलं. तिसऱ्या वेळी मी नवऱ्यालाही नेलं. तिथे नवरा आणि एजंट एकमेकांना इतक्या वेळा वाकून नमस्कार करत राहिले की मला वाटलं यांचीच सोयरीक ठरतेय. शेवटी एजंट म्हणाला की दर चार वर्षांनी विजेची तपासणी होते, मागच्या वेळी घर पास झालंय, पुढची तपासणी जवळच आली आहे. तपासनीस काही म्हणाले तर बघू.

दीड वर्षात त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य होतं. मी ते धरून ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये पत्रपेटीत चिठ्ठी आली. अमुक दिवशी सकाळी तपासनीस येतील, पैसे लागणार नाहीत, घरी कुणी नसलं तरी बाहेरून मोजमाप होईल, असलात तर आतला बोर्डही बघतील. मी ती चिठ्ठी फ्रिजवरच लावली.

आता प्रश्न असा होता की तयारी काय करायची. माझ्या शेडवर इन्स्पेक्टर यायचा तेव्हा आम्ही लोंबत्या वायरी लपवायचो, चहा-बिस्किटं मागवायचो आणि पास करून घ्यायचो. इथे मला नापास व्हायचं होतं. त्यासाठी पाहुणचार कसा करतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मुलीला पाळणाघरात सोडून आले, कांदेपोहे केले, चहाचं आधण ठेवलं आणि घर जरा पसरलेलंच ठेवलं.

तपासनीस आले ते साठीकडे झुकलेले, किडकिडीत, डोक्यावर हेल्मेट, पिशवीत स्वतःच्या सपाता. पोह्यांकडे बघून त्यांनी हात जोडले. काही घेता येत नाही, नियम आहे. पाणीसुद्धा नाही. माझा अर्धा धीर तिथेच खचला. जो माणूस चहा घेत नाही त्याच्याशी घासाघीस सुरू कुठून करायची?

त्यांनी दाराबाहेरच्या मीटरपाशी चिमट्यासारखं तोंड असलेलं यंत्र वायरीभोवती धरलं, आकडा बघितला आणि मलाही दाखवला. घरातून गळणारी वीज एक मिलिअँपिअरच्या खाली होती. म्हणजे ठीक. मग आत येऊन बोर्डासमोर उभे राहिले, आणि प्रत्येक बटणाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "योशी." म्हणजे हे बरोबर. पुढचं बटण, पुन्हा बोट, पुन्हा योशी. स्टेशनवर गाडी सोडणारे लोक असंच बोट दाखवून बोलतात ते मी पाहिलं होतं आणि मला नेहमी हसू यायचं. शहाणी माणसं डोळ्यांनी बघतात, त्यासाठी ओरडायला कशाला हवं, असं माझं मत होतं.

सगळं योशी झाल्यावर त्यांनी कागदावर खूण करायला पेन काढलं. मी म्हटलं थांबा. माझ्या घरात करंट आहे, नापास लिहा. त्यांना वाटलं मी चुकीचा शब्द वापरला. त्यांनी समजावून सांगितलं की घर चांगलं आहे, काळजी नको. मी म्हटलं, मला काळजी हवी आहे. ते कागदावर तसं लिहा. बरं, पूर्ण नापास नको, अर्धं नापास लिहा. त्यांनी कागद माझ्याकडे वळवून दाखवला. त्यावर मोजलेल्या गोष्टींचे चौकोन होते, अर्ध्याचा चौकोन नव्हता. मी आवाज चढवला. ते हेल्मेट काखेत धरून शांतपणे ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "ओकुसान, कुठे चावतं ते दाखवाल?"

मी हात ओला करून फ्रिजला लावला. त्यांनीही लावला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मला इतका आनंद झाला की विचारू नका. दीड वर्षात माझ्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस, आणि तोही माझ्याच धंद्यातला.

मी त्यांना सगळं सांगितलं. भोसरी, पॅनल बोर्ड, नळाचं अर्थिंग. मी इलेक्ट्रिशियन आहे असं म्हटल्यावर ते हसले नाहीत. कोणत्या मापाच्या वायरीवर काम करत होतात, एवढंच विचारलं. मग गुडघ्यांवर बसून फ्रिजच्या मागे टॉर्च मारला आणि हिरव्या वायरीवर बोट ठेवून सुरुवात केली. फ्रिजचा स्क्रू, योशी. वायर, योशी. मी मारलेला जोड त्यांनी जरा जास्त वेळ बघितला. तो मी इतका सुरेख पिळला होता की बघावाच. योशी. बोट भिंतीच्या कडेने सरकत गेलं, मागे मी. मशीनची वायर येऊन मिळाली, योशी. नळाची मान, पट्टी, योशी. मग बोट नळाच्या मागे, भिंतीत जाणाऱ्या पाइपाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

योशी आलं नाही.

नळाच्या मुळाशी भिंतीचं भोक झाकणारी एक गोल चकती होती. माझी परवानगी घेऊन त्यांनी ती पुढे ओढली आणि टॉर्च आत धरला. मी वाकून बघितलं. आत राखाडी पाइप होता. प्लास्टिकचा.

मला कळायला त्यांच्या एका शब्दाचीही गरज नव्हती. नळ धातूचा, पाइप प्लास्टिकचा, म्हणजे माझी वायर जमिनीपर्यंत जातच नव्हती. नळापाशीच संपत होती. आणि तिथे मी मशीन आणि फ्रिज यांच्या शेंड्या एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. जुन्या मशीनमधून झिरपणारा करंट माझ्याच सुरेख जोडावरून चालत फ्रिजच्या दारावर येत होता. त्यांनी फ्रिजची वायर नळावरून सोडवली. मी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. ओला हात लावला. काही नाही.

दीड वर्ष मी ज्या करंटसाठी एजंटला शिव्या घालत होते तो मी स्वतः आणून दारावर लावला होता. त्या काळात मी घरातला प्रत्येक सॉकेट तपासला होता. फक्त माझा जोड तपासला नव्हता, कारण तो माझा होता.

तपासनिसांना माझा चेहरा दिसला असावा. ते म्हणाले की या भागात पूर्वी लोखंडीच पाइप होते आणि पुष्कळ घरांत नळालाच अर्थिंग असायचं. भूकंपात इथली जमीन लिबलिबीत झाली, पाइप फुटले, मग दुरुस्तीत प्लास्टिकचे घातले गेले. वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. मला माझ्या चुकीचं समर्थन नको होतं, पण हे ऐकताना डोकं पुन्हा चालायला लागलं. म्हणजे या घराला अर्थिंग होतं, आणि पाइप बदलताना ते काढून टाकलं गेलं.

मग त्यांनी कागदावर पेन टेकवलं. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, तर एजंटला वर्षभर पुरेल एवढा दारूगोळा मिळणार होता. परवाना नसलेल्या परदेशी बाईने नळाला वायर बांधली, तिच्याच घरात करंट उतरला. अर्थिंगचा स्क्रू मग विसरायचा. आणि मशीन अजून झिरपतच होतं. मुलगी आज फ्रिजला हात लावते, उद्या मशीनला लावेल. मी म्हणू शकत होते की वायर आता सोडवलीच आहे, तेव्हा लिहू नका. त्यांनी कदाचित ऐकलंही नसतं, पण विचारायला काय जातं? आयुष्यभर विचारतच आले होते. पण जो माणूस माझ्या घरचं पाणी पीत नव्हता, त्याला हे विचारायची मला लाज वाटली. मी वेगळा भाव लावला.

"माझी चूक लिहा," मी म्हटलं, "पण तिच्याखाली त्यांचीही लिहा."

त्यांनी विचार केला. मग म्हणाले की दोन्ही गोष्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, तेव्हा दोन्ही लिहिता येतील. त्यांनी सावकाश, गोल अक्षरात दोन ओळी लिहिल्या. एक, हिरव्या वायरी नळाला बांधलेल्या आढळल्या, पाइप प्लास्टिकचा असल्याने अर्थिंग होत नाही, सोडवल्या. दोन, ओल्या जागी वॉशिंग मशीन आणि फ्रिज आहे, घरात कुठेही अर्थिंगची सोय नाही, करून घ्यावी. मशीनचा प्लग वापरानंतर काढून ठेवा, असं मला बजावलं. सपाता पिशवीत घालताना त्यांनी विचारलं की मी इथली परवान्याची परीक्षा का देत नाही. मी म्हटलं, प्रश्न समजून घ्यायलाच मला चार वर्षं लागतील. ते म्हणाले, चालेल, तेव्हा मी पुन्हा येईनच.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एजंटकडे गेले. मी एकटी येईन असं न वाटल्याने त्याने आधी माझ्या मागे नवऱ्याला शोधलं. मी कागद ठेवला. त्याने पहिली ओळ वाचली आणि त्याचा चेहरा सणासारखा उजळला. तो बराच वेळ बोलला. नियम, परवाना, करार, इतर रहिवाशांची सुरक्षितता. मी सगळं ऐकून घेतलं. माझ्या ओळखीतल्या कुणाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. त्याचं संपल्यावर मी मान खाली घालून माफी मागितली, अगदी त्यांच्या पद्धतीने, कमरेत वाकून. मग सरळ झाले आणि म्हटलं, "ओळी दोन आहेत. तुम्ही एकच वाचलीत."

त्याने दुसरी वाचली. त्याने सांगितलं की ही नुसती सूचना आहे, सक्ती नाही. मी विचारलं, नळाचा पाइप कधी बदलला? तो म्हणाला, भूकंपानंतर, घरमालकांनी स्वतःहून, सगळ्या सहा घरांत. हे त्याने अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, मग सहाही घरांचं अर्थिंग तेव्हाच गेलं. माझ्या नळावर जुनी पट्टी अजून आहे, या बघायला. त्याने वॉशिंग मशीनपाशी एक स्क्रू देऊ केला. मी म्हटलं दोन, फ्रिजचाही. तो म्हणाला घरमालकांना विचारावं लागेल. मी म्हटलं जरूर विचारा. तेच तपासनीस शुक्रवारपर्यंत बाकीच्या पाच घरांत जाणार आहेत, आणि मला त्यांना नळामागची चकती कशी ओढायची ते शिकवावं लागणार नाही. पाचही घरांतल्या बायका कचरा टाकायला माझ्याच वेळेला येतात.

तो उठून आत फोन करायला गेला. मी तोवर तिथला चहा प्यायले. मला काही नियम नव्हता.

दोन आठवड्यांनी परवान्याचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने इमारतीच्या मागच्या मातीत तांब्याचा रॉड ठोकला आणि एसीच्या भोकातून हिरवी वायर आत आणली. मी हात मागे बांधून उभी राहिले. हे काम मी त्याच्याआधी एक तास संपवलं असतं, पण तसं बोलले नाही. वायर भिंतीवरून नेताना उरलेली गुंडाळी बघून मी म्हटलं की मायक्रोवेव्ह इथून हातभरच लांब आहे. त्याने एजंटला फोन केला. मग तिसरा स्क्रू बसला.

पुढच्या आठवड्यात सहाही पत्रपेट्यांत एजंटचं पत्र पडलं. रहिवाशांच्या सुरक्षिततेचा विचार करून घरमालक सर्व घरांत अर्थिंगची सोय करून देत आहेत, आणि कृपया कुणीही नळाला वायर बांधू नये. नवऱ्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खालच्या मजल्यावरच्या आजी एजंटचे आभार मानायला बिस्किटांचा डबा घेऊन गेल्या, हे मला त्यांनीच सांगितलं. मी त्यांना म्हटलं, छान केलंत. त्या पत्रात माझं नाव नळाच्या ओळीत न लिहिता होतं आणि सोयीच्या ओळीत कुठेच नव्हतं, याचा राग मला अजून आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

मुलगी मात्र हात धुऊन, न पुसता, दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडते. मी तिच्यावर ओरडते, पण ते दार उघडं ठेवून आत बघत उभी राहते म्हणून.